‘सिस्टर, आधी काय कराल?’ : मुलींकडून नॉर्सेटची तयारी करून घेताना

२ मे २०२५ ला नॉर्सेट-८ ची मेन्स झाली आणि दिवाळीपासून आमच्या कॉलेजात चाललेला उद्योग एकदाचा मार्गी लागला. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लहानशा नर्सिंग कॉलेजात मेडिकल-सर्जिकल शिकवते. आमच्याकडे या परीक्षेचा क्लास नाही, कुणी तज्ज्ञ मार्गदर्शक नाही. राजस्थानात या परीक्षेसाठी मोठमोठे क्लासेस आहेत, तिथली मुलं वर्ष-वर्ष तेवढंच करतात. आमच्या मुली नाईट करून येतात आणि मग पुस्तक उघडतात. अशा मुलींची तयारी करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगणारं मराठीत मला काही सापडलं नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. माझ्यासारख्या ट्यूटर तालुक्या-तालुक्यात आहेत, त्यांना थोडा आधार होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. नॉर्सेट म्हणजे देशभरातल्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर नेमण्यासाठीची सामायिक परीक्षा. ती नवी दिल्लीचं एम्स घेतं. २०२० मध्ये ती सुरू झाली आणि २०२३ पासून प्रिलिम्स व मेन्स अशी दोन टप्प्यांत होते. प्रिलिम्समध्ये १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. त्यातले ८० प्रश्न नर्सिंगचे, २० सामान्य ज्ञान आणि ॲप्टिट्यूडचे. प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मेन्सला १६० प्रश्न, तीन तास, सगळं नर्सिंग. नोकरी लागली तर सातव्या वेतन आयोगाची लेव्हल ७, म्हणजे मूळ पगारच ४४,९०० रुपयांपासून. आमच्याकडच्या खासगी हॉस्पिटलात नव्या सिस्टरला महिना १२-१४ हजार मिळतात. मुली एवढ्या जिवावर उदार होऊन का अभ्यास करतात ते यावरून कळावं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी फक्त ग्रुपवर मेसेज टाकला होता, की ज्यांना नॉर्सेटला बसायचंय त्यांनी शनिवारी दुपारी या. पास होऊन नोकरीला लागलेल्या मुली आल्या, इंटर्नशिपवाल्या आल्या, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून दोन-तीन वर्षं काम केलेल्या दोघी-तिघी आल्या, आणि चार मुलगेही आले. मुलग्यांना मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, की इथे ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी आहेत, तुमचा कटऑफ चढा राहणार, तेव्हा मनाची तयारी ठेवून बसा. एकही उठून गेला नाही.

पहिली टेस्ट मी स्वतःच काढली. मुलींना येत नव्हतं अशातला भाग नाही. आमच्या विद्यापीठाचे पेपर लिहून लिहून त्यांना व्याख्या, कारणं, लक्षणं, नर्सिंग केअर असं पानभर लिहायची सवय लागलेली असते. ‘पीपीएच (बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव) म्हणजे काय ते सांगून परिचर्या लिहा’ म्हटलं की दोन पानं भरतात. पण ‘बाळंतपणानंतर अर्ध्या तासाने गर्भाशय मऊ लागतंय आणि उजवीकडे सरकलंय, तुम्ही आधी काय कराल?’ म्हटलं की पेन थांबतं. चारही पर्याय बरोबर वाटतात, कारण चारही गोष्टी त्यांनी केलेल्या असतात. ऑक्सिटोसिन दिलंय, मसाज केलाय, डॉक्टरांना फोन केलाय, लघवीची नळी घातलीय. इथे विचारलंय ते ‘आधी’. गर्भाशय बाजूला सरकलंय म्हणजे मूत्राशय भरलंय, ते रिकामं केल्याशिवाय गर्भाशय आकसणार नाही. हे एकदा उमगलं की विसरत नाही.

त्या टेस्टमधला एक प्रश्न ओपीचा, म्हणजे ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेचा होता. शेतकऱ्यांचा भाग, कीटकनाशक पोटात गेलेले पेशंट आमच्या कॅज्युअल्टीत नेहमीचेच. त्यावरचं औषध ॲट्रोपिन पुरेसं झालं हे ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण कोणती, असं विचारलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी ‘बाहुल्या मोठ्या होणं’ वर खूण केली होती. कॅज्युअल्टीत काम करणारी चंदगडकडची एक मुलगी जरा चिडूनच म्हणाली, “मॅडम, आम्ही तर टॉर्च मारूनच बघतो की.”

“बघतेस, बरोबर आहे. पण मला सांग, ओपीचा पेशंट दगावतो कशानं? बाहुली बारीक झाल्यानं?”

ती थांबली. “नाही. छाती भरते. सक्शन करून करून हात भरून येतात.”

“मग ॲट्रोपिन देऊन तुला काय थांबवायचंय?”

“छातीतली घरघर,” ती म्हणाली, आणि मागच्या बाकावरून दोघी-तिघी एकदम ‘हाऽऽ’ म्हणाल्या.

बाकीच्या खुणाही लागतात. नाडी ८० च्या वर, काख कोरडी, रक्तदाब सुधारलेला, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी न राहणं, हे सगळं तपासायचंच असतं. पण जीव वाचवणारी खूण कोणती हे त्या मुलीला ठाऊक होतं. ते तिच्या हातात होतं, पुस्तकातल्या यादीत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या वर्गाची पद्धत ठरली: वॉर्डात पाहिलेलं प्रश्नात आणायचं. प्रत्येकीने आठवड्यातला एक पेशंट निवडायचा. नाव, बेड नंबर, काही लिहायचं नाही. फक्त परिस्थिती आणि त्यावर चार पर्यायांचा एक प्रश्न वहीत लिहायचा. चुकीचे तीन पर्यायही खरे वाटले पाहिजेत, ही अट. प्रश्न सोडवण्यापेक्षा प्रश्न तयार करताना मुली जास्त शिकतात हे मी छातीठोकपणे सांगेन. फसवा पर्याय लिहायचा तर माणूस नेमका कुठे फसतो ते शोधावं लागतं. दुसऱ्या ट्यूटरना माझा पहिला सल्ला हाच, की टेस्ट सिरीज नंतर घ्या, ही वही आधी सुरू करा.

अशाच वहीतून आलेला भाजलेल्या पेशंटचा एक प्रश्न मी आजही वर्गात घेते. ५० किलोची बाई, ४० टक्के भाजलेली, सकाळी दहाला घटना, दवाखान्यात पोचली बाराला. पार्कलँडप्रमाणे (भाजलेल्या पेशंटला किती सलाईन द्यायचं याचं सूत्र) ४ गुणिले ५० गुणिले ४०, म्हणजे २४ तासांत ८,००० मिली. निम्मं, ४,००० मिली, पहिल्या आठ तासांत. इथपर्यंत सगळ्या येतात आणि ४,००० ला आठने भागून मोकळ्या होतात. पण आठ तास भाजल्यापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नाही. संध्याकाळी सहापर्यंत संपवायचं, म्हणजे उरलेल्या सहा तासांत, ताशी साधारण ६६७ मिली. ज्या मुलीने हा प्रश्न आणला, तिच्या पेशंटला दवाखान्यात आणायलाच दोन तास लागले होते. वाडीवरून गाडी मिळत नव्हती. म्हणून तिला ते दोन तास मोजावेसे वाटले.

मेडिकल-सर्जिकल माझं, पण बाकीच्या विषयांसाठी मला सहकाऱ्यांचीच मदत घ्यावी लागली आणि ती मोकळ्या मनाने मिळाली. ओबीजीच्या (प्रसूतीशास्त्राच्या) मॅडमनी मॅगसल्फवर (गरोदरपणातले झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट) दोन शनिवार घेतले. गुडघ्याचा जर्क गेला, श्वास मंदावला, लघवी ताशी ३० मिलीच्या खाली आली, की पुढचा डोस थांबवायचा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. कम्युनिटीच्या सरांनी एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली: मुलींकडची गाईडं जुनी होती. लसीकरणाच्या वेळापत्रकात जानेवारी २०२३ पासून पोलिओच्या फ्रॅक्शनल आयपीव्ही लसीचा तिसरा डोस नऊ महिन्यांना आलाय, तो त्या गाईडांत नव्हताच. लसीकरण, राष्ट्रीय कार्यक्रम, बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम हे सगळं ताजं बघायचं. उपकेंद्रावर एएनएम ताईंकडे जे कार्ड असतं ते गाईडपेक्षा भरवशाचं. सुईशिवायचा आयव्ही सेट लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, काचेचं ॲम्प्यूल निळ्यात, बाळंतपणातली वार पिवळ्या पिशवीत. हे मुली रोज करतात, पण परीक्षेत घाईने रंग अदलाबदल करतात.

सायकियाट्रीची मात्र अडचण होती. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातलं पोस्टिंग संपून मुलींना वर्ष होऊन गेलेलं, आणि एरवी तसे पेशंट आमच्या वॉर्डात फारसे नसतात. इथे पाठांतराला पर्याय नव्हता. लिथियमची रक्तातली पातळी ०.६ ते १.२, १.५ च्या वर विषबाधेची भीती, ईसीटी म्हणजे विजेच्या झटक्याच्या उपचाराआधी काय, नंतर काय, संवादाचे प्रश्न. या संवादाच्या प्रश्नांत आमच्या मुली हमखास ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हा पर्याय निवडायच्या, कारण आपल्याकडे पेशंटला धीर देतात तो असाच. त्या प्रश्नांत ते चूक धरलं जातं. पेशंटला बोलतं करणारं उत्तर हवं असतं. यावर वर्गात बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

फॉर्म २४ फेब्रुवारीला सुटले, शेवटची तारीख १७ मार्च. अभ्यासापेक्षा या तीन आठवड्यांनी मुलींना जास्त रडवलं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट नोंदणीची. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हातात नसेल तर बसता येत नाही. निकाल लागला की त्याच आठवड्यात नोंदणीच्या मागे लागा, परीक्षा जाहीर व्हायची वाट बघू नका. इंटर्नशिपवाल्या मुलींना मी आधीच सांगितलं होतं, की तुमची ही फेरी सरावाची.

दुसरं जीएनएमवाल्यांचं. त्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. नोकरीच्या दाखल्यावर ‘ही सिस्टर आमच्याकडे कामाला होती’ एवढंच लिहून मिळतं. खाटांची संख्या, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख हे सगळं त्यात हवं. एका मुलीच्या हॉस्पिटलने खाटांचा आकडा लिहून द्यायला बराच काळ टोलवाटोलवी केली. शेवटी तिचे वडील जाऊन दिवसभर बसले तेव्हा कागद मिळाला.

तिसरं दाखल्यांचं, आणि हे आपल्या राज्यातल्या मुलींना खास लागू. ही केंद्राची भरती आहे. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघावं लागतं. राज्यातलं एसईबीसी आरक्षण केंद्रात नाही, त्यामुळे त्या मुलींना निकषात बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढावं लागतं. एका मुलीला कार्यालयात खिडकीवरून सांगितलं, “तुम्हाला एसईबीसी आहे ना, मग हे कशाला?” ती परत आली. मी तिला एम्सच्या जाहिरातीतलं ते पान छापून दिलं, दाखल्याच्या नमुन्यासकट, आणि पुन्हा पाठवलं. छापील कागद पुढे ठेवला की बोलणं सोपं जातं. दाखला कोणत्या तारखांच्या दरम्यानचा हवा हेही जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते लाल पेनाने अधोरेखित करून ठेवा.

फी खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ३,००० रुपये, एससी, एसटी आणि ईडब्ल्यूएसला २,४००, दिव्यांगांना माफ. १३ हजार पगारातून ३,००० काढणं सोपं नाही. दोघींनी घरी न सांगता भरले. फॉर्म शक्यतो स्वतः, एकमेकींच्या मदतीने भरा. फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा नीट स्कॅन करा. ठसा पुसट आला की तो नामंजूर होतो आणि दुरुस्तीची मुदत थोडी असते. शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका, पैसे कापले जातात आणि पावती येत नाही, मग जीव टांगणीला लागतो.

मार्चअखेरपासून नवं शिकवणं बंद केलं. फक्त मॉक. प्रिलिम्समध्ये वीस-वीस प्रश्नांचे पाच भाग असतात, प्रत्येकाला १८ मिनिटं, आणि वेळ संपली की मागे जाता येत नाही. मोबाईलवर १८ मिनिटांचा गजर लावून आम्ही तसाच सराव केला. पहिल्या मॉकला गजर वाजला तेव्हा निम्म्याहून जास्त मुली चौदाव्या-पंधराव्या प्रश्नावर होत्या. त्या लांबलचक परिस्थिती दोनदा वाचत होत्या. मग आम्ही आधी शेवटचं वाक्य वाचायचं ठरवलं: विचारलंय काय ते बघायचं, मग वर जायचं. त्याने फरक पडला.

निगेटिव्ह मार्किंगची भीती तर इतकी, की काही जणी तीस-तीस प्रश्न सोडून यायच्या. फळ्यावर हिशोब करून दाखवला. चारपैकी काहीच कळत नसेल आणि डोळे मिटून खूण केली, तर सरासरी ना फायदा ना तोटा. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर थोडा फायदा, दोन बाद करता आले तर चांगलाच फायदा. म्हणून दोन बाद झाले की घाबरायचं नाही, खूण करायची. काहीच कळत नसेल तर त्यावर वेळ घालवायचा नाही.

प्रिलिम्स १२ एप्रिलला, शनिवारी. शहर साधारण आठवडाभर आधी कळलं, हॉल तिकीट अगदी शेवटी. आणि त्याच दिवशी चैत्र पौर्णिमा, म्हणजे ज्योतिबाची यात्रा. कोल्हापुरात त्या दिवसांत एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. ज्यांचं केंद्र पुण्याला आलं होतं त्यांना मी शुक्रवारी सकाळीच निघायला लावलं. मुलींना एसटीचं तिकीट निम्मं पडतं, तेवढाच आधार. पुण्यात एकीच्या मावशीच्या दोन खोल्यांत सगळ्या जणी राहिल्या. मावशींनी रात्री साडेदहाला दिवा बंद केला, ही त्यांची फार मोठी मदत. कानातलं, साखळी घरीच ठेवा, ओळखपत्र मूळ न्या, पाण्याची सोय आधी विचारा. एवढ्याच सूचना मी दिल्या होत्या.

संध्याकाळी फोन आले. कुणी खूश, कुणी रडवेली. मी प्रश्नांवर चर्चा करू दिली नाही, कारण रविवारी बऱ्याच जणींची ड्यूटी होती.

प्रिलिम्सला किमान गुण लागतात, खुल्या आणि ईडब्ल्यूएसला ५० टक्के, ओबीसीला ४५, एससी-एसटीला ४०. पण तेवढ्याने मेन्स मिळत नाही, जागांच्या साधारण पाचपटच उमेदवार पुढे घेतात. आमच्यातल्या बहुतेक तिथेच थांबल्या. ज्या पुढे गेल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांच्यासमोर जेमतेम काही दिवस होते. मेन्सलाच खरी गुणवत्ता यादी लागते, प्रिलिम्सचे गुण त्यात धरत नाहीत. या मुलींना हॉस्पिटलातून रजा मिळवणं हे मोठं काम होतं. मेट्रन मॅडमना मी स्वतः जाऊन भेटले. त्यांनी नाईटची अदलाबदल करून दिली, त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानते. त्या दिवसांत आम्ही फक्त ड्यूटीच्या वह्या परत वाचल्या. मेन्समध्ये एकाच पेशंटवर पाठोपाठ प्रश्न येतात, आणि वॉर्डात शिफ्टभर एकाच पेशंटजवळ राहिलेल्या मुलीला तिथे बरं वाटतं, असं परत आल्यावर दोघींनी सांगितलं.

अंतिम यादीत आमची एकच मुलगी आली. ओपीच्या प्रश्नावर चिडलेली ती नव्हे, दुसरी. फारशी न बोलणारी, पण वहीत दर आठवड्याला प्रश्न न चुकता आणणारी. पुढे एम्सची पसंती भरायची असते आणि गुणांप्रमाणे जागा मिळते. तिला नागपूर हवं होतं, ते मिळालं नाही. मिळालं ते उत्तरेत, घरापासून दीड दिवसाच्या प्रवासावर. तिचे वडील मला भेटायला कॉलेजवर आले. “मॅडम, पोर कधी सांगलीच्या पुढं गेली नाही,” म्हणाले. मी त्यांना पगार सांगितला, केंद्राची नोकरी म्हणजे काय ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की पहिले सहा महिने तिला जड जातील, तेव्हा रोज फोन करा पण परत ये म्हणू नका. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग रुजू होताना कोणकोणते कागद लागतात ते एका चिठ्ठीवर उतरवून घेतले. ती आता रुजू झाली आहे.

चंदगडची मुलगी मेन्सला थोडक्यात राहिली. सध्या शनिवारचा कॅज्युअल्टी आणि पॉयझनिंगचा भाग तीच घेते. नव्या मुली माझ्यापेक्षा तिलाच जास्त शंका विचारतात, आणि तिची उत्तरं माझ्यापेक्षा ताजी असतात.

नॉर्सेट-९ चे फॉर्म २२ जुलै २०२५ ला सुटले होते, ११ ऑगस्टपर्यंत मुदत होती, प्रिलिम्स १४ सप्टेंबरला होती. तुमच्या कॉलेजातल्या मुली पुढच्या फेरीला बसणार असतील तर आत्ताच त्यांचे दाखले आणि कौन्सिलची नोंदणी तपासून घ्या, अभ्यासाचं वेळापत्रक त्यानंतर करा.